खणनारळ मानाचा, दाम कामाचा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण. वेळेअभावी बोलताना राहून गेलेला हिशेब येथे पुरा दिला आहे.)



यंदा वर्धापनदिनी तुम्ही चार शब्द बोलावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, माझी शाळा सातवीपर्यंत. मला सुई द्या, माईक कशाला देता?" त्या म्हणाल्या, "मग सुईविषयीच बोला." तेव्हा आज मी सुईविषयीच बोलणार आहे. पण टाका कसा घालावा हे सांगणार नाही. ते तुमच्यातील पुष्कळजणींना माझ्याहून चांगले येते. घालून झालेल्या टाक्याचे पैसे कसे ठरवावे आणि ठरलेले पैसे पदरात कसे पाडून घ्यावे, हा माझा विषय आहे.

आपल्याच मंडळाकडे पाहा. कोणी रुखवत मांडून देते, कोणी आरीचे काम करते, कोणाच्या हातची मेंदी तालुक्यात नावाजलेली. कोणी लग्नाच्या मांडवात रांगोळी घालते, कोणी गोधड्या शिवते, कोणी लोकरीची तोरणे विणते, कोणी फलक आणि पत्रिका रंगवून देते. आमच्या मुली तर संगणकावर पत्रिकेची नक्षी करून देतात. ह्या सगळ्या कामांत एक गोष्ट सारखी आहे. काम सुरेख होते, वाहवा होते, आणि पैशाची गोष्ट निघाली की आपली मान खाली जाते. "काय ते समजून द्या," असे आपण म्हणतो. समोरची व्यक्ती आपल्या सोयीने समजते आणि आपल्या सोयीने देते.

हे असे का होते, याचा मी आपल्या परीने विचार केला. आपल्याकडे सुतार, लोहार, कुंभार, परीट यांना सुगीच्या दिवसांत खळ्यावर बलुते मिळत असे. ते कधी पुरेसे असे, कधी नसेही. त्यात अन्यायही पुष्कळ झाला. पण कामाच्या बदल्यात धान्य घ्यावयाचे, एवढे तरी सर्वांना मान्य होते. घरातील बाईच्या कलेला मात्र बलुतेही नव्हते. तिने शेजारच्या लग्नात रांगोळी घातली, रुखवत मांडले, बाळंतविडा शिवून दिला, तर तिची ओटी भरावयाची आणि खणनारळ द्यावयाचा. तो तिचा मान होता. मान चांगलाच आहे, तो कोणी घालवू नये. पण खणनारळ देऊन हिशेब पुरा झाला असे जेव्हा दोन्हीकडच्या मंडळींना वाटू लागते, तेव्हा अडचण सुरू होते.

आमच्या आळीत एक काकू होत्या. आता त्या हयात नाहीत. वीसबावीस वर्षे त्यांनी गावाची रुखवते केली. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रियेला पैसे लागले तेव्हा त्यांना मुलाकडे हात पसरावा लागला, आणि मुलाची ओढगस्त असल्याने दीड वर्ष ते काम लांबले. त्यांच्या पश्चात सुनेने ट्रंक उघडली, तर तीत खणांची चवडच्या चवड निघाली. घडीसुद्धा न मोडलेले खण! एवढ्या घरांनी त्यांना मान दिला होता. पण एकाही घराने त्यांच्या डोळ्यांची मजुरी दिली नव्हती. काकूंनीही कधी मागितली नव्हती. मला तर ती ट्रंक जेव्हा आठवते तेव्हा हा विषय नुसता पैशाचा वाटत नाही.

कोणी म्हणेल, कलेला किंमत लावली की कलेचे पावित्र्य जाते. तसे असते तर मूर्तिकाराने गणपती विकला नसता. पालघरकडच्या वारली समाजाचे उदाहरण पाहा. तिथे लग्नात भिंतीवर चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ही चित्रे काढली. १९७० नंतरच्या काळात तीच चित्रे भिंतीवरून कागदावर आली, आणि जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या चित्रकाराने ती देशोदेशी नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. आज त्या समाजातील स्त्रियाही विक्रीसाठी चित्रे काढतात. आता विकली म्हणून ती चित्रे कमी सुंदर झाली काय? किंमत आली म्हणून ती कला टिकली आणि पुढच्या पोरांनी हाती धरली, असेच मी म्हणेन.

दुसरी एक शंका पुष्कळजणींच्या मनात असते, पण ओठांवर येत नाही. ती म्हणजे, हा पैसा कोणाचा? आपल्या जुन्या धर्मशास्त्रात स्त्रीधनाचा विचार आहे. परंतु कात्यायनाच्या स्मृतीत असे सांगितले आहे की, स्त्रीने शिल्पकलेने, म्हणजे हातच्या कारागिरीने, जे मिळवले त्यावर नवऱ्याची सत्ता चालते. ओटीत पडलेले काही तिचे, आणि कष्टाने कमावलेले तिचे नाही, असा तो प्रकार होता. हे आता राहिलेले नाही. १९५६ सालच्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ मध्ये स्त्रीच्या मालमत्तेची जी यादी आहे, तीत तिने स्वतःच्या कौशल्याने किंवा कष्टाने मिळवलेली मालमत्ताही स्पष्ट घातली आहे, आणि तिची ती पूर्ण मालकीण आहे असे म्हटले आहे. तेव्हा तो पैसा आपला आहे. घरात खर्चावयाचा तर आपल्या खुशीने खर्चावा. पण तो आपल्या नावाच्या खात्यात आधी यावा. २०१६ पासून फोनवरून पैसे देण्याची सोय झाली. आज भाजीवालीकडेही चौकोनी कोडाचा कागद लावलेला असतो. आपल्यापैकी कितीजणींच्या कागदावर स्वतःचे खाते आहे, आणि कितीजणींच्या कागदावर यजमानांचे किंवा मुलाचे, हे घरी जाऊन पाहावे. आपण वर्षाकाठी किती मिळवले हेच ज्या बाईला ठाऊक नाही, ती दर काय ठरवणार?

आता हिशेबाकडे येते. मी अंतरपाटाचे उदाहरण घेते, कारण हल्ली त्याला मागणी फार आहे. पूर्वी घरातील उपरणे किंवा साधे पांढरे वस्त्र धरीत. आता वधूवरांची नावे, मोर, कलश, मुंडावळ्या असे भरतकाम केलेला अंतरपाट लोकांना हवा असतो. समजा, दोन मीटरचा अंतरपाट आहे. कापडाचे ५०० रुपये, अस्तराचे १४०, रेशीम दोरे, जरी व मणी यांचे २८०, कडा शिवणे व गोंडे यांचे १२०, रिक्षाचे ६०. एकूण सामान झाले ११०० रुपये. येथपर्यंतचा हिशेब सगळ्याजणी करतात, आणि येथेच थांबतात.

पुढचा हिशेब वेळेचा. बाजारात जाऊन रंग जुळवण्यात ३ तास गेले. नक्षी काढून दाखवणे, त्यांनी मोराची मान बदलायला सांगणे, पुन्हा दाखवणे, यात ३ तास. कापडावर नक्षी उतरवण्यास २ तास. प्रत्यक्ष भरण्यास २६ तास. मागचे दोरे कापणे, इस्त्री, घडी, बांधणे यास २ तास. एकूण ३६ तास झाले. भगिनींनो, लक्षात घ्या, सुई हातात होती ते फक्त २६ तास. बाकीचे १० तास आपण कामात धरीतच नाही. पण तेवढा वेळ आपले दुसरे काम बंदच होते ना?

आता तासाला दर काय लावावा? ह्याला कोष्टक नाही. मी असा विचार करते की, हेच तास मी दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटल्या असत्या तर मला काय मिळाले असते? आपल्या भागात तो जो आकडा असेल, त्याच्या खाली भरतकामाचा आकडा असू नये. पोळ्यांचे काम हलके आहे असे मी म्हणत नाही. पण भरतकाम शिकायला वर्षे लागतात, आणि त्यात डोळे झिजतात. समजा, ८० रुपये धरले. ३६ तासांचे झाले २८८० रुपये. त्यात सामानाचे ११०० मिळवा, म्हणजे ३९८०. सुया, रिंग, चष्मा, वीज ही झीज म्हणून २०० धरा. झाले ४१८०, म्हणजे मोघम ४२०० रुपये.

आणि लोक काय म्हणतात? "वहिनी, पंधराशेत करून टाका ना!" बरे, पंधराशेत करू. १५०० मधून सामानाचे ११०० गेले, उरले ४००. छत्तीस तासांना चारशे, म्हणजे तासाला अकरा रुपये आणि वर थोडे पैसे. एवढ्यात आज काय येते? हा भागाकार एकदा आपल्या हाताने वहीत करून पाहावा. एकदा केला की पंधराशेला "हो" म्हणणारी जीभ आपोआप अडखळते.

दर सांगताना आणखी एक पथ्य. आकडा सांगून गप्प बसावे. आपण आकडा सांगतो आणि लगेच आपणच म्हणतो, "पण जास्त वाटत असेल तर बघू." समोरच्याने तोंड उघडण्याआधीच आपण उतरलेल्या असतो! भीड भिकेची बहीण, असे आपल्या आजीपणजींनी म्हणून ठेवले आहे, ते उगीच नव्हे. कापडवाल्याने कधी असे म्हटलेले ऐकले आहे काय?

घासाघीस होणारच. आपणही भाजीबाजारात करतो, त्यात राग मानण्यासारखे काही नाही. पण कमी करायचे तर काम कमी करावे, तासाचा दर कमी करू नये. गिऱ्हाईक म्हणाले, "आमची ऐपत तीन हजारांची आहे," तर म्हणावे, "काकू, हरकत नाही. मोर पूर्ण भरण्याऐवजी नुसती कड साखळी टाक्याने करू. चौदा तास वाचतील, ११२० रुपये कमी होतील, आणि ३०८० मध्ये बसेल." असे सांगितले म्हणजे काकूंनाही समजते की हा आकडा हवेतून काढलेला नाही. पुष्कळदा त्याच म्हणतात, "राहू दे गं, मोर भरलेलाच हवा."

"घरच्या घरी तर करता, तुम्हांला काय दुकानाचे भाडे आहे?" हे वाक्य तर सर्वांनी ऐकलेले आहे. त्याला माझे उत्तर असे की, दुकानाचे भाडे नाही म्हणूनच हा भाव आहे. दुकानात हाच अंतरपाट घ्यावयास गेलात तर भाडे तुम्हांलाच भरावे लागेल. हे हसतमुखाने सांगावे. तुटक बोलू नये; ह्याच काकू पुढच्या वर्षी बारशाची दुपटी शिवून घेण्यास येणार आहेत.

आता विसाराविषयी. लग्नाच्या कामाची एक खोड आहे. मुहूर्त होईपर्यंत त्या वस्तूची निकड गिऱ्हाइकाला असते. मुहूर्त झाला, अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला, की पुढे पैशाची निकड फक्त आपल्याला असते. गरज सरो, वैद्य मरो! मंडळी वाईट असतात असे नाही. लग्नानंतर घरात पाहुणे असतात, हॉलवाला, आचारी, सराफ सगळे दारात असतात; आपले दोनतीन हजार कोणाच्या ध्यानातही राहत नाहीत. म्हणून वस्तू हाती देण्याआधी पैसे पुरे घेणे हाच मार्ग.

यात नवे काही नाही. वाजंत्रीवाला, बँडवाला, तमाशाचा फड, कोणीही सुपारी घेतल्यावाचून तारीख धरीत नाही. सुपारीबरोबर विसाराची रक्कम आली म्हणजे तो दिवस त्या यजमानाचा झाला. हल्ली सिनेमावाल्यांनी हा शब्द फार बदनाम केला आहे. पण मूळ रीत चोख आहे. रांगोळीवालीने आणि मेंदीवालीने तर ती अवश्य पाळावी, कारण त्यांची तारीख एकदा गेली की ती दुसऱ्याला विकता येत नाही. मी निम्मी रक्कम आधी घेते. ४२०० च्या कामात २१०० घेतले की सामानाचे ११०० निघतात आणि मजुरीचा सुमारे तिसरा भाग हाती येतो. लग्न मोडले, तारीख पुढे गेली, तरी आपण खड्ड्यात जात नाही. उरलेली रक्कम वस्तू तयार झाल्यावर, ती घेऊन जाण्याआधी. "आधी दाखवते, मग पैसे द्या, मग घेऊन जा," हा क्रम ठेवावा. किराणा दुकानात "आज रोख, उद्या उधार" ही पाटी वाचून आपल्याला कधी राग येतो का? मग आपल्याच दाराशी ती रीत पाळण्यास संकोच का वाटावा?

ठरलेले सर्व लिहून ठेवावे. त्याला वकील नको. पूर्वी पोस्टकार्ड टाकीत असत, आज व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहाव्या. त्या अशा:

"ताई, आज ठरल्याप्रमाणे: अंतरपाट एक, दोन मीटर, मोती रंग, मोर व नावे भरून. एकूण ४२०० रु. पैकी २१०० रु. आज मिळाले. बाकी २१०० रु. नेताना. लग्नाआधी आठ दिवस तयार मिळेल. नावे कशी लिहावयाची ते आपण लिहून पाठवावे. नक्षी पसंत झाल्यावर बदल केल्यास त्याचे वेगळे पडतील. ठीक असल्यास 'ठीक' असे कळवावे."

त्यांचे "ठीक" आले की मगच कात्री लावावी. नावे त्यांच्याकडूनच लिहून घ्यावी, हे ध्यानात ठेवा. ऱ्हस्वदीर्घावरून आणि 'व्ही'चा 'वी' झाल्यावरून ऐन वेळी रुसवेफुगवे होतात. त्यांचे अक्षर आपल्याजवळ असले म्हणजे बोल आपल्यावर येत नाही.

नातलगांचा प्रश्न सर्वांत नाजूक. नणंदेच्या मुलीचे लग्न, तिथे दर कसा सांगावा? माझे म्हणणे एवढेच की, एक तर आहेर करावा किंवा काम करावे. दोहोंची खिचडी करू नये. आहेर करावयाचा तर मनापासून करावा, आणि "हा माझा आहेर" असे आधी सांगून टाकावे. म्हणजे वेगळी साडी आणि वेगळे पाकीट पुन्हा द्यावे लागत नाही. आहेर नको असेल तर सामानाचे पैसे तरी स्पष्ट मागावे. अर्धे मनात धरून केलेले फुकट काम पुढे दहा वर्षे बोलण्यात निघते. त्यापेक्षा वन्सं, सामानाचे एवढे झाले, हे एक वाक्य पुष्कळ स्वस्त पडते.

आता दुकानदारांची गोष्ट. घरगुती गिऱ्हाइकाची बाकी थोडी असते, दुकानाची मोठी. शहरातील एका दुकानासाठी मी ब्लाउजांच्या बाह्या भरून दिल्या होत्या. बारा नग, प्रत्येकी ९०० रुपये, एकूण १०,८०० रुपये. ब्लाउज विकले गेले, त्यांचे फोटोही झळकले, आणि माझे पैसे मात्र आज, उद्या, दिवाळीनंतर असे करीत आठ महिने लोंबकळत राहिले. माझ्या वहीत दर नगाची तारीख आणि माल घेणाऱ्या माणसाची सही होती. ती वही घेऊन मी दोनदा जाऊन बसले, तेव्हा तीन हप्त्यांत ते वसूल झाले. वही नसती तर बारा नग होते की नऊ, येथूनच वाद सुरू झाला असता.

पुढे चौकशी केली तेव्हा समजले की आपल्यासारख्यांसाठी कायदाही आहे. २००६ साली सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा झाला. त्यात असे आहे की, नोंदलेल्या लहान उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली तर ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे, आणि ती मुदत कितीही ठरवली तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त असू नये. काहीच ठरले नसेल तर १५ दिवस. त्यापुढे उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यामहिन्याला चक्रवाढ, व्याज द्यावे लागते. आणि तक्रार ऐकण्यास सुलभता परिषद म्हणून राज्यात वेगळी व्यवस्था आहे. नोंदणीला उद्यम नोंदणी म्हणतात. ही पद्धत १ जुलै २०२० पासून आली. ती सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकावर होते व तिला शुल्क नाही. कोणी त्यासाठी पैसे मागितले तर ते सरकारचे नव्हेत, हे ओळखावे. एक मात्र लक्षात ठेवावे. नोंदणी आधी, काम नंतर. पैसे अडकल्यावर नोंदणी करून मागच्या कामाला ह्या कायद्याचा आधार मिळत नाही. आपण घरात बसून सुई चालवतो, आपण कसल्या उद्योजक, असे म्हणू नका. कायद्याच्या दृष्टीने एक सुई आणि एक वही असलेली बाईही उद्योग चालवू शकते.

कायदा हाताशी असला म्हणजे लगेच भांडावयास जावे असे नाही. बोलताना पाठ ताठ राहते, हा त्याचा पहिला उपयोग. दुकानाला माल देताना "किती दिवसांत?" हे विचारावे, चिठ्ठीवर लिहून घ्यावे, आणि मागची बाकी फिटल्यावाचून पुढचा गठ्ठा उचलू नये. जुन्या बाकीच्या आशेने नवे काम करीत राहणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो गिऱ्हाइकांविषयी नाही, आपल्या स्वतःविषयी आहे. एकजण ४२०० सांगते आणि गल्लीच्या टोकाची दुसरी "मी दोन हजारांत करते" म्हणते. काम दुसरीकडे जाते. पण थोड्या दिवसांनी तिसरी निघते, ती पंधराशे म्हणते. असे करीत सगळ्या मिळून आपण तासाला अकरा रुपयांवर येऊन बसतो. गिऱ्हाइकाने आपल्याला खाली ओढले नाही. आपणच एकमेकींचा पदर धरून उतरलो. दुसरीची निकड मोठी असेल, तिच्या घरी आजारपण असेल, हे मला समजते. अशा वेळी तिला काम मिळवून देणे, विसाराला मंडळाच्या निधीतून हातउसने देणे, हा मंडळाचा धर्म आहे. पण दर पाडून कोणाचीच निकड भागत नाही.

मुंबईत गिरगावात १९५९ साली सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास सुरुवात केली, ती गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. तोच पुढे लिज्जत पापड झाला. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पापड तर घरोघरी लाटले जातच होते. त्यात नवे काय होते? लाटणाऱ्या बाईची लाटणावळ ठरलेली होती, ती सर्वांना सारखी होती, आणि प्रत्येकजण त्या संस्थेची मालकीण होती. एकटीने पापड विकायला बसली असती तर "शेजारच्या तर स्वस्त देतात" हे तिलाही ऐकावेच लागले असते.

म्हणून माझी मंडळास नम्र सूचना अशी आहे की, पुढील वर्षात आपण तीन गोष्टी कराव्या. पहिली, रांगोळी, मेंदी, भरतकाम, गोधडी, रुखवत अशा प्रत्येक कामाला तास किती लागतात हे करणाऱ्या भगिनींनी एकत्र बसून लिहून काढावे, आणि त्यावरून मंडळाचे दरपत्रक तयार करावे. एखादीचा हात अधिक चांगला असेल तर तिने वर जावे. खाली कोणी जाऊ नये. दुसरी, विसाराच्या पावतीची वही मंडळाच्या नावाने छापून घ्यावी. "मंडळाचा नियम आहे हो" असे म्हणता आले की एकटीची भीड निम्मी होते. तिसरी, ज्यांचे स्वतःच्या नावाचे खाते आणि उद्यम नोंदणी नाही, त्यांच्यासाठी एका रविवारी ह्याच सभागृहात बसून ती करून द्यावी. आमच्या शिकलेल्या मुली ते काम तासाभरात करतील. आणि त्यांना त्याबद्दल चहाबरोबर मेहनतानाही द्यावा, एवढी माझी विनंती आहे.

ओटी भरावी, हळदीकुंकू लावावे, खणनारळही अवश्य द्यावा आणि घ्यावा. तो आपला रिवाज आहे आणि त्यात माया आहे. फक्त त्याआधी ठरलेले पैसे मोजून घेतलेले असावे, म्हणजे ती माया निर्मळ राहते.